एकाच गावातले तीन संशयास्पद मृत्यू: ते एकमेकांशी जोडलेले आहेत हे तपासात कसं ठरतं?

प्रश्न तासगाव तालुक्यातून आला आहे. गावात वर्षभराच्या आत तीन माणसं गेली. एक शेततळ्यात बुडाले, एक विहिरीत सापडले आणि तिसरे पोटात औषध गेल्यामुळे सिव्हिलमध्ये दगावले. तिघंही पन्नाशीच्या पुढचे, तिघांनीही एकाच माणसाकडून व्याजाने पैसे घेतलेले. पोलिसांनी तीन वेगवेगळ्या ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदी केल्या. गावात उघड बोललं जातंय की हे एकाच माणसाचं काम आहे. प्रश्नकर्त्याला जाणून घ्यायचंय की असे मृत्यू खरंच एकमेकांत गुंतलेले आहेत की नाहीत, हे तपास करणारे नक्की कशावरून ठरवतात.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मी पोलीस ठाण्यात आणि पुढे स्थानिक गुन्हे शाखेत तपासाचं काम केलं आहे. तुमच्या गावच्या तीन प्रकरणांचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे खून की अपघात यावर मी बोलणार नाही. पण ठरवायचं कसं, हे सविस्तर सांगतो, कारण याच टप्प्यावर निरपराध माणसं अडकतात आणि खरे गुन्हेगारही याच टप्प्यावर सुटतात.

लोक आधी साम्य मोजतात. एकच गाव, एकच वय, एकच सावकार. तपासात पहिला प्रश्न वेगळा असतो: असं साम्य या भागात एरवीही किती सापडतं? तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग हा द्राक्षाचा पट्टा आहे. बागेसाठी जागोजागी शेततळी झाली आणि त्यांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्या कागदावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. पाय घसरत राहतो, दम तुटतो आणि माणूस आत जातो. म्हणून शेततळ्यातला मृत्यू या भागात स्वतःहून काहीच सांगत नाही. विहिरीचंही तेच. कीटकनाशक तर प्रत्येक शेडमध्ये असतं. आणि गावात पैसे व्याजाने देणारा एकच असेल, तर मेलेल्या तिघांनी त्याच्याकडून पैसे घेतले होते तसे जिवंत असलेल्या तीसजणांनीही घेतले असतील. गावाच्या दृष्टीने जो सर्वांत मोठा पुरावा आहे, तो एवढ्यावर तरी फारसा वजनदार नाही.

हेच विष वेगळ्या जागी वेगळं बोलतं. द्राक्षबागायतदाराच्या पोटात बागेचं औषध सापडलं, तर त्यात नवल नाही. पण ज्याच्या शेतात ऊस नाही, घरात कुणी ऊस लावत नाही, त्याच्या पोटात उसाच्या सरीत टाकायचं दाणेदार औषध निघालं, तर ते आलं कुठून हे शोधावंच लागतं. सायनाइडचं तसंच आहे. सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिराच्या हाती ते येऊ शकतं, म्हणून तशा घरातल्या मृत्यूत त्याचा अर्थ वेगळा. महाबळेश्वरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर, जिथे त्याचा कुणाशी संबंधच नाही, तिथे ते सापडलं, तर त्या एका गोष्टीवरून अख्खा तपास फिरला पाहिजे.

कृष्णेवर काम केलेल्या प्रत्येक अंमलदाराला बंधाऱ्यांचं गणित माहीत असतं. धोमपासून खाली वाई, माहुली, कऱ्हाड आणि पुढे सांगली, म्हैसाळपर्यंत नदीला जागोजागी बंधारे आहेत. बुडालेलं शरीर आधी तळाला जातं. आत वायू धरला की उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आणि थंडीत बऱ्याच उशिरा ते वर येतं आणि वाहू लागतं. बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की ते बंधाऱ्याला अडकतं. एका हिवाळ्यात एकाच बंधाऱ्यावर थोड्या-थोड्या दिवसांनी तीन अनोळखी प्रेतं मिळाली, तेव्हा पंचक्रोशीत घबराट पसरली होती. एकच जागा, एकच पद्धत, असं सगळे म्हणत होते. पण ती जागा कुणा माणसाने निवडलेलीच नव्हती. ती नदीने आणि बरग्यांनी निवडली होती. एकेका प्रेताचे कपडे, अंगावरच्या खुणा आणि वरच्या ठाण्यांमधल्या मिसिंगच्या नोंदी लावत गेल्यावर तिघांच्या पाण्यात पडण्याच्या जागा वेगळ्या निघाल्या, काळ वेगळे निघाले आणि कारणंही. म्हणून प्रेत कुठे सापडलं आणि माणूस कुठे मेला हे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवायचे. माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, यासाठी हाडातल्या मगजात डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शैवाल सापडतं का हे बघतात आणि ते घटनास्थळाच्या पाण्याशी जुळवतात. त्यासाठी त्याच वेळी, त्याच पाण्याचा नमुना बाटलीत घेतलेला हवा. महिन्याने घेतलेल्या नमुन्याला तेवढा अर्थ राहत नाही.

मोबाइलच्या बाबतीतही अशीच फसगत होते. तिन्ही मयतांचे सीडीआर, म्हणजे कुणाला कधी फोन झाला याच्या कंपनीकडच्या नोंदी, एकत्र केले की समान नंबर निघतोच. दूध संस्थेचा सचिव, कृषी सेवा केंद्रवाला, द्राक्षाचा दलाल, टँकरवाला, जनावरांचा डॉक्टर. नवख्या अधिकाऱ्याला 'कॉमन नंबर' सापडला की तपास लागला असं वाटतं. माझा आग्रह असायचा की त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, तेवढ्याच बागेच्या काही जिवंत माणसांकडे जाऊन बसा आणि त्यांना कुणाकुणाचे फोन येतात ते विचारा. जिवंत माणसांचे सीडीआर असे उगाच मागवता येत नाहीत, मागवूही नयेत. पण विचारता येतं आणि माणसं सांगतात. सावकाराचा नंबर त्यांच्याकडेही तितकाच वाजत असेल, तर मयतांच्या यादीत तो असण्याला वजन नाही.

वजन असतं ते फोनच्या वेळेला. समजा, तो माणूस दर सोमवारी हप्त्यासाठी फोन करायचा. मयत रविवारी रात्री बेपत्ता झाले आणि प्रेत बुधवारी सापडलं. सोमवारी आणि मंगळवारी फोन आले का? ज्याला काहीच माहीत नाही तो नेहमीसारखा फोन करतो, उचलला नाही तर पुन्हा करतो. ज्याला माणूस गेल्याचं ठाऊक आहे, त्याचा फोन प्रेत सापडायच्या आधीच थांबलेला असू शकतो. हा एकटा पुरावा कुणालाही दोषी ठरवत नाही, पण तिन्ही प्रकरणांत तोच खंड दिसला तर तिथून पुढे खणायला जागा आहे.

जिवंतांशी तुलना न केल्याने काय होतं, याचं जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. लुसिया दे बर्क या परिचारिकेच्या पाळीत रुग्ण दगावतात असं ध्यानात आलं. योगायोगाने असं होण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा न्यायालयासमोर आला आणि २००३ मध्ये तिला जन्मठेप झाली. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड उसवली. कोणते मृत्यू संशयास्पद मानायचे हेच ती हजर होती की नव्हती यावरून ठरत गेलं होतं. ती रुजू होण्याआधीच्या तेवढ्याच काळात त्या वॉर्डातले मृत्यू काही कमी नव्हते. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. तोवर तिच्या आयुष्याची वर्षं गेली होती, प्रकृती ढासळली होती. तुमच्या गावात आज ज्याचं नाव घेतलं जातंय, त्याच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा. तो माणूस गावाला नकोसा असेल, पण म्हणून मृत्यू त्याच्या नावावर गोळा करत जाणं हा तपास नव्हे.

मग खरी जोड कशावरून दिसते? एका मृत्यूतून दुसऱ्या मृत्यूकडे काहीतरी प्रत्यक्ष गेलेलं असतं. एखादी वस्तू, पैसा, कागद किंवा माणूस. पहिल्या मयताची अंगठी दुसऱ्या प्रकरणातल्या संशयिताने गहाण ठेवलेली असते. एकाच हाताने भरलेले विम्याचे फॉर्म असतात. एकाच साक्षीदाराच्या सहीची खरेदीखतं असतात. साताऱ्याचा असो की सांगलीचा, अनुभवी अंमलदार आधी तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाकडे जातो. मृत्यूनंतर सहा महिन्यांत सातबाऱ्यावर काय फेरफार झाला, बोजा कुणाचा चढला, कुणाचा उतरला, हे पाहिल्याशिवाय सावकारीच्या गोष्टीत हात घालू नये.

१९१५ मध्ये इंग्लंडमध्ये उघड झालेलं जॉर्ज जोसेफ स्मिथचं प्रकरण यासाठी फार शिकवतं. १९१२, १९१३ आणि १९१४ मध्ये तीन वेगवेगळ्या गावांत तीन नवविवाहिता स्नानाच्या टबमध्ये मेल्या. तिन्ही वेळा अपघात अशीच नोंद झाली. तिसऱ्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा दुसऱ्या मुलीच्या वडिलांना साम्य खटकलं आणि त्यांनी ते पोलिसांना कळवलं. पण तपास साम्यावर थांबला नाही. तिघींचा नवरा वेगवेगळ्या नावांनी वावरलेला एकच माणूस आहे हे ओळख पटवून सिद्ध झालं, विम्याचे आणि मृत्युपत्रांचे कागद निघाले, टबची मापं घेऊन तज्ज्ञाने मृत्यू कसा होऊ शकतो ते दाखवलं. टबात तीन बायका मरणं विचित्र आहेच. पण स्मिथला फासापर्यंत नेलं ते तिन्हीकडे आढळलेल्या एकाच माणसाने आणि तिन्ही वेळा त्याच्याच नावावर येणाऱ्या पैशाने.

पुण्यातलं जोशी-अभ्यंकर प्रकरण माझ्या पिढीने पाहिलेलं आहे. ऑक्टोबर १९७६ अखेरीस जोशी कुटुंबाचे आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी अभ्यंकर कुटुंबाचे खून झाले. नायलॉनची दोरी, बांधण्याची आणि तोंडात बोळे कोंबण्याची तऱ्हा, त्यामुळे ही दोन प्रकरणं एकाच टोळीची हे लगेच जाणवलं. दोरीचा प्रकार, गाठ कशी मारली, टोक कापलं की जाळलं, या गोष्टी पंचनाम्यात बारकाईने लिहायच्या असतात आणि गाठ कधीच सोडायची नसते. गाठ तशीच ठेवून दोरी दुसरीकडे कापायची. शेतकऱ्याची दाव्याची गाठ, ट्रकवाल्याची गाठ आणि घाईत मारलेली गाठ वेगळी दिसते. पण त्याच टोळीने जानेवारी १९७६ मध्ये आपल्याच कॉलेजमधल्या प्रकाश हेगडेला मारलं होतं आणि तो मात्र तेव्हा नुसता बेपत्ता म्हणून नोंदला गेला होता. मार्च १९७७ मध्ये अनिल गोखलेचा मृतदेह नदीत शिडीला बांधलेला सापडला, टोळी पकडली गेली आणि तेव्हा कुठे हेगडेचा शोध त्याचं प्रेत कोंबलेल्या पिंपापर्यंत पोचला. दिसणारे मृत्यू जोडले गेले होते, न दिसणारा राहून गेला होता.

साताऱ्यात २०१६ मध्ये याचीच आठवण झाली. वाई तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेच्या बेपत्ता होण्याच्या तपासातून धोमच्या शिवारात पुरलेले अवशेष निघाले आणि २००३ पासूनची आणखी पाच माणसं त्याच आरोपीने मारल्याचा आरोप ठेवला गेला. तो खटला न्यायालयापुढचा विषय आहे, दोषी कोण हे तिथे ठरेल. पण तपासाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळक आहे. मिसिंगच्या नोंदी वर्षानुवर्षं सुट्या सुट्या राहिल्या होत्या. कर्नाटकात मोहन कुमार या शिक्षकावर वीस बायकांच्या खुनाचा आरोप झाला आणि २०१३ पासून एकामागून एक खटल्यांत तो दोषी ठरला. त्यातली प्रेतं वेगवेगळ्या गावांच्या बसस्थानकांवरच्या स्वच्छतागृहांत मिळत होती. प्रत्येक बसस्थानक वेगळ्या ठाण्याच्या हद्दीत. प्रत्येक ठाण्याला आपल्याकडे एक अनोळखी बाई मेली एवढंच दिसत होतं. एका बेपत्ता मुलीच्या फोनच्या नोंदींवरून सगळं उलगडलं. म्हणून तुमच्या तीन ए.डी.च्या बरोबरीने त्याच काळातली, आजूबाजूच्या ठाण्यांतली मिसिंगची रजिस्टरं वाचली गेली पाहिजेत. कराडजवळ बेपत्ता झालेला माणूस सांगलीच्या घाटावर अनोळखी मयत म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि जिल्हा बदलला की फाइलही बदलते.

आता शरीराबद्दल. आपल्याकडे मोठी अडचण ही की कुणी घरी गेलं तर संध्याकाळपर्यंत अग्नी दिलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी सावडून रक्षा नदीत सोडलेली असते. संशय महिन्यांनी येतो, तोवर तपासायला काहीच उरत नाही. दफन झालं असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रेत उकरून काढता येतं; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ खाली होत असे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली. अशा वेळी विष कोणतं यावर सगळं अवलंबून असतं. आर्सेनिक केसांत आणि हाडांत वर्षानुवर्षं राहतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे विष एकदाच दिलं की थोडं थोडं देत राहिले हेही कळू शकतं. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं सडण्याच्या प्रक्रियेत विघटित होतात. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो आणि नमुन्याची बरणी नीट बंद नसली, उशिराने पोचली, तर तो हाती लागतोच असं नाही. म्हणून सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकांच्या अहवालात, 'विष आढळले नाही' आलं म्हणजे विष नव्हतंच, असं कुणी समजू नये.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणात माणूस दवाखान्यात दगावला, म्हणजे कागद भरपूर असतील. पहिल्या डॉक्टरने बाहुल्यांचा आकार काय लिहिलाय, तोंडाला फेस होता का, वास कशाचा होता, पोट धुतल्याचं पाणी राखून ठेवलं का, आणि माणूस शुद्धीवर होता तेव्हा तो कुणाला काय बोलला. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. औषधाची बाटली कुठे मिळाली, टोपण लावलेलं होतं का, बाटली आणली कुणी, आणि ते औषध त्या हंगामात त्या बागेला मारायचं होतं का? ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि बागायतदार ते वहीत लिहून ठेवतात. ती वही आणि दुकानाचं बिल शेजारी ठेवा.

एक शिस्त मी कायम पाळायला लावली. प्रत्येक मृत्यू आधी एकटा तपासायचा, जणू बाकीचे झालेच नाहीत. शेततळ्याच्या प्रकरणात घातपात आहे की नाही, याचं उत्तर शेततळ्याच्या पुराव्यातून आलं पाहिजे. एका संशयावर दुसरा आणि त्या दोघांवर तिसरा असं रचत गेलं तर तीन कच्च्या गोष्टींची मिळून एक पक्की होत नाही. तिघांचं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनाही गावातली चर्चा सांगू नये. आणि काही तपशील मुद्दाम बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. दोरीचा रंग, चप्पल कुठे होती, खिशात काय होतं. हे सगळं मोबाइलवर फिरलं की पुढे कबुलीजबाब देणाऱ्याला खरंच माहीत होतं की त्याने वाचलं होतं, हे वेगळं काढता येत नाही.

सांगलीकरांना म्हैसाळ आठवत असेल. जून २०२२ मध्ये एकाच कुटुंबातली नऊ माणसं दोन घरांत मृतावस्थेत सापडली. मृत्यू एकमेकांशी जोडलेले आहेत याबद्दल पहिल्या तासापासून शंका नव्हती. चिठ्ठ्या मिळाल्या, त्यात पैसे देणाऱ्यांची नावं होती, सामूहिक आत्महत्या म्हणून तपास सुरू झाला आणि सावकारांवर गुन्हे दाखल झाले. आठवड्याच्या आत पोलिसांनी वेगळाच आरोप मांडला: गुप्तधनाच्या आमिषातून विष देऊन खून. दोघांना अटक झाली. आरोप सिद्ध होणं न होणं न्यायालयाच्या हाती आहे. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की मृत्यू जोडलेले आहेत हे समजलं तरी ते कशाने जोडलेले आहेत हे समजलेलं नसतं. तुमच्या गावातही कर्ज हाच धागा आहे असं धरून चाललात, तर त्याच तीन घरांत ये-जा करणारा दुसरा कुणी डोळ्याआड राहील.

कायद्याचं थोडक्यात. तीन मृत्यू एकत्र मांडण्यालाही मर्यादा आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४२ प्रमाणे बारा महिन्यांतले एकाच प्रकारचे पाचपर्यंत गुन्हे एकत्र चालवता येतात. जुन्या कायद्यात ही संख्या तीन होती. 'अपघात झाला' असा बचाव असेल तेव्हा आधीच्या तशाच घटना पुराव्यात आणता येतात, हे नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. त्यातलं उदाहरण बोलकं आहे: विमा उतरवलेलं घर जळतं, तो माणूस दुसऱ्या घरात जातो, त्याचा विमा काढतो, तेही जळतं. पण केवळ हा माणूस वाईट आहे हे दाखवण्यासाठी जुनी प्रकरणं उकरता येत नाहीत. विषप्रयोगाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या शरद बिरदीचंद सारडा खटल्यात चार गोष्टी मागितल्या: हेतू, मृत्यू विषानेच झाला हे, ते विष आरोपीजवळ होतं हे, आणि ते देण्याची संधी त्याला होती हे. विषाने झालेल्या प्रत्येक मृत्यूत या गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या जातात.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांना. अर्जात कुणाचंही नाव खुनी म्हणून लिहू नका. तिन्ही ए.डी.चे नंबर आणि तारखा लिहा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालच्या तिन्ही चौकशा एकाच अधिकाऱ्याने एकत्र वाचाव्यात एवढी मागणी करा. ज्याने जे स्वतः पाहिलं, ऐकलं, ते त्यानेच, तारीख-वार घालून लिहून द्यावं. दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळं लिहावं. व्याजाच्या चिठ्ठ्या, कोरे चेक, स्टँप पेपर असतील तर त्यांच्या प्रती ठेवून मूळ कागद पंचनाम्यानेच द्या. मयतांचे फोन फॉरमॅट करू नका, सिमकार्ड बंद करू नका. शेततळ्याजवळ सीसीटीव्ही असेल तर त्याचं रेकॉर्डिंग बहुधा काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, ते गेलं असं धरून चाला, पण त्या दिवशीचे कुणी काढलेले मोबाइल फोटो अजून असतील. आणि तिसऱ्या प्रकरणातला व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेले अवयवांचे नमुने, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचला का, पोचला असेल तर कोणत्या तारखेला आणि सील शाबूत होतं का, हे नातेवाइकांनी ठाण्यात लेखी विचारावं. बऱ्याच वेळा बरणी मुद्देमालाच्या खोलीतच पडून असते आणि विचारणा आली की दुसऱ्या दिवशी रवाना होते.